पुस्तकावर संशोधन

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी शाळेत ग्रंथपाल होते, पोलीस खात्यात नव्हते. माझ्याकडे कसले आलेत अनुभव?" ते म्हणाले, जे असतील ते लिहा. मग वही घेऊन बसले आणि लक्षात आलं, की चौकशी, जबाब, पुरावे, कबुली, सगळं माझ्याही नोकरीत झालेलं आहे. फक्त अंगावर वर्दी नव्हती.

आमची शाळा सुरतेत, लिंबायतला, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक लूम्सच्या कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी घरांतली, काही रेल्वेत आणि हजीऱ्याच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांची. ही मुलं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि पुस्तकातली मराठी फक्त शाळेत भेटते. चार भाषांचं कडबोळं तोंडात घेऊन ती माझ्याकडे यायची. मी मूळची अमळनेरची. लग्न करून इथे आले तेव्हा मला कुणी 'बेन', म्हणजे ताई, म्हटलं की मी मागे वळून बघायची, दुसऱ्याच कुणाला हाक मारताहेत असं वाटायचं. पुढे 'लायब्ररीवाल्या बेन' हेच माझं नाव झालं. भाजीवालासुद्धा तेच म्हणतो.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी आणि घेणारी बाई. तेवढं तर कपाटही करतं. खरं काम असतं ते मूल समोर येऊन काहीतरी मागतं आणि त्याला हवं असतं दुसरंच, ते ओळखण्याचं. एक मुलगा रोज येऊन "बेन, जाडं पुस्तक द्या" म्हणायचा. विषय कोणताही चालेल, जाडी महत्त्वाची. आठवड्यानंतर कळलं की घरी एकच खोली, झोपताना उशाला काही नाही. मी त्याला एक जुना शब्दकोश दिला, वर पिशवीचं आवरण घालून. वर्षअखेरीला परत आला तेव्हा त्याने 'क'पर्यंत वाचलेला होता. झोप येत नव्हती म्हणे.

दुसरं काम म्हणजे शोधायला शिकवणं. याला हल्ली मोठमोठी नावं आहेत. मी मुलांना नळावरच्या बायकांचं उदाहरण द्यायची. नळावर कुणी सांगितलं की अमकीचं लग्न मोडलं, तर तुझी आई आधी काय विचारते? 'तुला कोणी सांगितलं?' मग विचारते, 'तिला कसं ठाऊक?' बस, पुस्तक वाचताना तेच विचारायचं. मुलांना हे पटायचं, पण करायचं कोणी नाही. प्रकल्प म्हणजे उतारा, अशी ठाम समजूत. ज्ञानकोशातून उतरवताना 'आकृती तीन पाहा' हेही उतरवायची, आकृती नसली तरी. शाळेत संगणक आला तेव्हा मला वाटलं, आता सुधारतील. एका मुलीने सूर्यमालेवर सुरेख अक्षरात बारा पानं लिहून आणली आणि शेवटी, लाल शाईने अधोरेखित करून, लिहिलं होतं: 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' मी त्यावर बोटाने क्लिक करून दाखवलं. ती म्हणाली, "बेन, नेट स्लो असेल."

असे नमुने सांगत बसले तर अंक भरेल. पण संपादकांना मी ज्या एका प्रकरणासाठी हो म्हटलं ते करुणाचं. ते सांगायला मला अजून थोडं जड जातं, कारण चूक तिची कमी आणि माझी जास्त होती.

आधी पुस्तकाविषयी सांगते. आमची शाळा ज्यांनी सुरू केली ते भामरे सर. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, पुतण्याकडे भेस्तानला राहतात. त्यांनी तरुणपणी लिंबायतची सगळी माहिती गोळा करून एक ग्रंथ तयार केला होता. कोण कुठून आलं, कोणती गल्ली कधी वसली, विहिरी, तळी, दवाखाने, देवळं, सण. छापायला पैसे नव्हते म्हणून टाइपरायटरवर कार्बन घालून तीन प्रती काढल्या. एकीला वाळवी लागली, एक खाडीच्या पाण्यात भिजून गेली, राहिली ती एक माझ्या कपाटात. तिच्या पाठीवर लाल पट्टी होती. आमच्यात लाल पट्टी म्हणजे संदर्भाचं पुस्तक, इथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. दर वर्षी शाळेच्या वर्धापनदिनाला ते पुस्तक पाटावर ठेवून हार घालत आणि भामरे सर स्वतः येऊन त्यातलं एक पान वाचून दाखवत. वर्षातून एकदा पूजा, एरवी कोणी उघडत नसे. मला त्याची खंत होती.

म्हणून आठवीच्या ग्रंथालयाच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं: 'भामरे सरांच्या पुस्तकावर संशोधन करा. मुदत दोन आठवडे.' आणि तोंडाने सांगितलं, त्यात दिलेली माहिती आज खरी आहे का, फिरून बघा, मोठ्यांना विचारा. झालं. इतकंच सांगून मी पुस्तकांना कव्हरं घालायला बसले. वर्गातल्या बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे चार ओळी उतरवल्या. करुणा मात्र रोज मधल्या सुट्टीत येऊन त्या पुस्तकापुढे बसायची. सडपातळ पोरगी, दोन वेण्या, बोलणं कमी. मी मनात म्हणत होते, चला, एक तरी गळाला लागली.

वर्धापनदिनाला बारा दिवस राहिले असताना मी पुस्तक पुसायला काढलं आणि सहज उघडलं. मग पानं भराभर उलटली. निळ्या बॉलपेनने ओळीच्या ओळी खोडलेल्या. पट्टी लावून, सरळ रेघ मारून. आणि शेजारी समासात, टपोऱ्या अक्षरात, दर ठिकाणी एकच शब्द: 'खोटे.' त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा मजकूर.

'मिलच्या मागे तळे आहे.' खोटे. तळे बुजवले, आता तिथे टेम्पो उभे राहतात.

'घोडागाडीचा थांबा चौकात.' खोटे. रिक्षा स्टँड.

'धर्मादाय दवाखाना सकाळी आठ ते बारा.' खोटे. बंद आहे, तिथे मोबाइलचे दुकान.

'येथील लोक कष्टाळू व निर्व्यसनी आहेत.' यातलं 'कष्टाळू' तसंच ठेवलं होतं. 'निर्व्यसनी' खोडून लिहिलं होतं: खोटे. सर्व नाहीत.

अशा सतरा दुरुस्त्या. वाचून मला हसू येत होतं आणि घामही फुटत होता. पण एका पानावर हसू थांबलं. सरांनी लिहिलं होतं, या वस्तीत मराठी माणसाचे पहिले घर विणकामासाठी आलेल्या एका कुटुंबाचे, आणि ते आल्याचं सालही दिलं होतं. ते सगळं वाक्य खोडून करुणाने लिहिलं होतं: 'खोटे. पहिले घर माझ्या पणजोबांचे. ते रेल्वेत गँगमन होते. रुळापलीकडे.'

मी तिथेच एकटीने तिला बोलावून विचारायला हवं होतं. मी काय केलं, तर घाबरून पुस्तक मुख्याध्यापिकांकडे नेलं. त्यांना आम्ही मोठ्या बेन म्हणतो. बाई स्वभावाने वाईट नाहीत, पण वर्धापनदिन जवळ आला की त्यांचा पारा चढलेला असतो. त्या पुस्तक घेऊन थेट आठवीच्या वर्गात गेल्या, मी मागोमाग.

"हे काय केलंस?" त्यांनी विचारलं.

करुणा उभी राहिली. तिला वाटलं, शाबासकी मिळणार. "संशोधन केलं, बेन."

वर्ग हसला. मोठ्या बेनना वाटलं, पोरगी उलट उत्तर देते आहे.

"ज्यांनी शाळा काढली त्या सरांना खोटं म्हणतेस? सतरा वेळा? सर येतील तेव्हा सगळ्या शाळेसमोर त्यांची माफी मागायची. जे लिहिलंय ते सगळं चूक होतं असं म्हणायचं. तोपर्यंत या वर्गात बसायचं नाही."

करुणाने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मी माझ्या पुस्तकाचा विचार करत होते. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते, लिहितानासुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून करुणा शाळेत आली नाही. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. वर्गशिक्षक म्हणाले, इकडे मुली आठवीत एकदा घरी बसल्या की बसल्याच, साड्यांना चमकीच्या टिक्क्या लावायच्या कामाला लागतात. मी अशा मुली पाहिलेल्या होत्या. त्यांची कार्डं माझ्या खोक्यात वर्षानुवर्षं पडून असायची, शेवटचं पुस्तक परत केल्याची तारीख आणि पुढे कोरं. शाळा सुटल्यावर मी चप्पल घातली आणि निघाले.

रुळांखालून जो बोगदा जातो त्याला इकडे गरनाळं म्हणतात. ते ओलांडलं की पलीकडे करुणाचं घर. चालत पाच मिनिटं. इतकी वर्षं त्या शाळेत होते, पण त्या गल्लीत मी पहिल्यांदाच गेले, हेही कबूल करून टाकते.

दारात तिची आजी बसली होती. "या बाई, बठा," म्हणाली. "पोर काही आयकस नही. शाळानं नाव काढं का रडस." आत करुणा मांडीवर साडी घेऊन बसलेलीच होती, टिक्क्यांची वाटी शेजारी. मला बघून तिने मान खाली घातली ती वर केली नाही. तिचे वडील हजीऱ्याच्या कामावरून नुकतेच आले होते, कंपनीची टोपी अजून हातात होती. मी त्यांना म्हटलं, भाऊ, मी भांडायला आले नाही, मला फक्त समजून घ्यायचं आहे. तिने पुस्तकात का लिहिलं?

ते गोंधळले. "बेन, तुम्हीच तर सांगितलं होतं ना. पुस्तकावर संशोधन करा. तिने मला विचारलं, पप्पा, संशोधन म्हणजे काय. मी म्हटलं, दुरुस्ती. टीव्हीवर रोज येतं, संविधान में संशोधन. एवढ्या मोठ्या घटनेत संशोधन होतं, मग पुस्तकात का नाही होणार? मीच तिला नवीन पेन आणून दिलं."

मी कपाळाला हात लावला. आपल्या मराठीत संशोधन म्हणजे शोध घेणं, आणि हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ दुरुस्ती. ज्या घरात हिंदी बातम्या लागतात तिथे दुसरा अर्थ आधी पोचणार, हे चार भाषांच्या मुलांत आयुष्य काढलेल्या मला कळायला हवं होतं. शिवाय मी लिहिलं काय, तर 'पुस्तकावर'. पोरीने अक्षरशः पुस्तकावरच केलं. नेमून दिलेलं काम शब्दशः करणारी माझ्या अख्ख्या नोकरीतली ती एकटी मुलगी, आणि तिलाच आम्ही घरी बसवलं होतं.

"आणि 'खोटे' का लिहिलंस गं?" मी तिला विचारलं.

"खोटं होतं म्हणून," ती पुटपुटली. "गणितात चुकलं की गल्लीतली ट्यूशनवाली बेन नाही का म्हणत, आ खोटुं छे."

दुसरा हातही कपाळाला लावला. गुजरातीत खोटं म्हणजे चूक. मराठीत खोटं म्हणजे लबाडी. तिने सतरा ठिकाणी साधं 'चूक' लिहिलं होतं आणि आम्ही सतरा शिव्या वाचल्या.

मी म्हटलं, "चल मग. उद्यापासून ये. मोठ्या बेनना मी समजावते. सरांसमोर एवढंच म्हण, पुस्तकात पेनने लिहिलं ही चूक झाली, माफ करा."

"पेनची माफी मागेन," ती म्हणाली. आता तिने मान वर केली होती. "पहिल्या घराची नाही मागणार. ते खोटं आहे तर आहे. तसं बोलावं लागणार असेल तर मी येणार नाही. मी टिक्क्याच लावेन."

तिच्या वडिलांनी तिला दटावलं नाही. माझ्याकडे बघत राहिले.

अशा वेळी दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बाळा, हट्ट नको करू. पण मला माझा धंदा आठवला. "कशावरून?" मी विचारलं. "तुझे पणजोबा आधी आले हे कशावरून?"

"आजी सांगते."

"आजीला कोणी सांगितलं?"

नळावरचा प्रश्न. आजी उठली, खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात लुगडी, एक पितळी बिल्ला आणि सर्वांत खाली कागदांची पुरचुंडी. "हाई मना सासरानं कार्ड," म्हणून तिने एक पोस्टकार्ड माझ्या हातात ठेवलं. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. गावाहून भावाने लिहिलेलं, मुलगी झाली, नाव काय ठेवायचं ते कळव. पत्त्यावर करुणाच्या पणजोबांचं नाव, पुढे गँगमन, रुळापलीकडे, लिंबायत, सुरत. आणि वर पोस्टाचा शिक्का. मी चष्मा पुसून तीनदा वाचला. शिक्क्यावरची तारीख सरांनी दिलेल्या सालाच्या कितीतरी वर्षं आधीची होती.

करुणाचा चेहरा उजळला. आणि मला तो पुन्हा उतरवावा लागला.

"यावरून काय सिद्ध होतं?" मी म्हटलं. "तुझे पणजोबा विणकरांच्या आधी इथे राहत होते. ते सगळ्यांत पहिले आले, हे सिद्ध होत नाही. त्यांच्याही आधी कोणी असेल, त्याचं कार्ड हरवलं असेल. 'पहिले' हा शब्द तुला काढावा लागेल."

तिला ते मुळीच आवडलं नाही. बराच वेळ टिक्क्या वाटीत वरखाली करत बसली. मग म्हणाली, "'त्याआधीचे' लिहिलं तर चालेल?"

"चालेल."

"मग येते. पण शनिवारी. सरांनी ऐकून घेतलं तर सोमवारपासून. नाही ऐकलं तर नाही."

शनिवार म्हणजे वर्धापनदिन. मोठ्या बेनना मी सगळं सांगितलं. शब्दांचा घोळ कळल्यावर त्या थोड्या नरमल्या, पण म्हणाल्या, "शाळेसमोर नको. सर आल्यावर आधी तुमच्या खोलीत बोला. सरांना काही झालं तर जबाबदारी तुमची." मी हो म्हटलं. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते, आणखी कसली जबाबदारी घ्यायची राहिली होती?

शनिवारी भामरे सर पुतण्याच्या रिक्षातून उतरले. धोतर, काळा कोट, हातात काठी. मी त्यांना ग्रंथालयात बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. करुणा आजीला घेऊन दाराशी उभी होती. मोठ्या बेन हाराची परडी हातात घेऊन मागे. मी पुस्तक समोर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, फळ्यावर मी काय लिहिलं इथपासून.

सरांनी भिंग काढलं आणि पान उलटायला सुरुवात केली. तळं, घोडागाडी, दवाखाना. प्रत्येक निळ्या रेघेवर त्यांचं बोट थांबायचं. 'सर्व नाहीत'पाशी आले तेव्हा त्यांच्या खांद्यांना गचके बसायला लागले. मी घाबरून पुढे झाले, तर ते हसत होते. "तेव्हाही नव्हते," म्हणाले. "देणगीदारांसाठी लिहिलं होतं ते."

मला वाटलं, सुटलो. मग ते पान आलं.

सरांनी वाक्य वाचलं, खोडलेलं वाचलं, समासातलं वाचलं. हसू गेलं. "ही कोण?"

करुणा पुढे आली.

"कशावरून?" सरांनी विचारलं. आवाज कडक होता, जुन्या मास्तरांचा.

तिने पोस्टकार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, यावरून. पहिले नाही म्हणता येत, त्याआधीचे म्हणता येतं." मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "तुम्ही कशावरून लिहिलं होतं?"

मोठ्या बेननी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. हा प्रश्न तिला मीच शिकवला होता. आता परत घेता येत नव्हता.

सर भिंग धरून कितीतरी वेळ शिक्का बघत राहिले. मला वाटतं, तो त्यांनी लगेच वाचला होता.

"त्या विणकरांच्या ओट्यावर मी चहा प्यायचो," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं, आम्ही पहिले. मी लिहून घेतलं."

"आणि रुळापलीकडे?" करुणाने विचारलं.

"रुळापलीकडे आमची माणसं जात नसत. तिकडचा चहा घेत नसत. मीही गेलो नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तिकडे घरं आहेत हे मला ठाऊक होतं, पोरी. त्या बाजूची मुलं माझ्या वर्गात होती."

मग ते माझ्याकडे वळले. "बेन, तुम्ही म्हणालात ना, हिचं खोटं गुजरातीतलं आहे म्हणून? सोळा ठिकाणी असेल. या एका ठिकाणी मराठीतलंच धरा."

मला एकदम रडू आलं आणि ते मी पदरात लपवलंही नाही. मोठ्या बेननी परडी कपाटावर ठेवली आणि सरांच्या हाताला धरलं, कारण सर उठत होते. मी पेन पुढे केलं, म्हटलं, सर, तुमच्या हाताने दुरुस्ती करता का? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"एकदा न बघता लिहिलं. आता बघून येऊ दे."

बाहेर मुलं रांगेत उभी होती, लाउडस्पीकर सुरू झाला होता. कार्यक्रम एक तास पुढे गेला. मोठ्या बेननीच माइकवरून जाहीर केलं की सर संशोधनासाठी गेले आहेत. पुतण्याच्या रिक्षात सर, आजी आणि करुणा, आणि पुढे पुतण्याशेजारी अर्धी मी. गरनाळ्यातून रिक्षा पलीकडे गेली. करुणाच्या घरी सर खाटेवर बसले. पितळी बिल्ला त्यांनी हातात घेऊन बघितला, पणजोबांचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. आजीने चहा केला. सरांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायला.

आजी समोर जमिनीवर बसून बघत होती. कप रिकामा झाल्यावर तिने विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं:

"सर, इतलं दूर व्हतं का?"

सरांनी तिला नमस्कार केला.

दुपारी पुस्तक पाटावर होतं, निळ्या रेघांसकट. सरांनी तेच पान वाचून दाखवलं, आधी आपलं वाक्य, मग करुणाचं. कोणाची माफी झाली नाही. निदान मुलीकडून तरी नाही.

हे सगळं छान झालं, पण माझा जीव अजून टांगणीला होता. मोठी माणसं एका दिवसापुरती चांगली वागतात, मुलांना ते ठाऊक असतं. सोमवारी मी अर्धा तास आधी शाळेत गेले आणि खिडकीजवळची पुस्तकं आवरत बसले. आवरण्यासारखं त्या कप्प्यात काहीही नव्हतं. घंटा झाली. प्रार्थना झाली. तिसऱ्या तासाला आठवीचा वर्ग आला, आणि रांगेत मागून चौथी, दोन वेण्या घातलेली, करुणा होती.

ती थेट माझ्या टेबलाशी आली. "बेन, तळ्याचं अर्धं राहिलंय. कोणी बुजवलं ते लिहिलंच नाही मी."

"कोणाला विचारणार?"

"एक टेम्पोवाले काका आहेत. पण त्यांना कोणी सांगितलं, तेही विचारायला पाहिजे."

माझ्या छातीवरचं दोन आठवड्यांचं ओझं उतरलं. मी लाल पट्टीचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं, आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल.